पसंतीक्रम एक

१२ जुलै, शनिवार

दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी. बायको, अयोध्या, काल संध्याकाळच्या गाडीनं किनवटहून आली. तिथल्या आश्रमशाळेत शिकवायला लागून तिला सात वर्षं झाली. सोमवारी पुन्हा जाईल.

जेवणं झाल्यावर शिवकन्यानं आम्हा दोघांना समोर बसवलं आणि रेघांचा एक कागद ठेवला. सात लॉ कॉलेजं, पसंतीच्या क्रमानं. प्रत्येकापुढं तीन रकाने: पाच वर्षांची फी, पाच वर्षांचं राहणं-खाणं, आणि शेवटी कर्ज. एक नंबरला मुंबईचं सरकारी कॉलेज, दोन आणि तीन पुण्याची, मग संभाजीनगरचं, असं करत सातव्या नंबरला आपलं नांदेडचं. नांदेडपुढं कर्जाच्या रकान्यात शून्य.

"अन् ती राष्ट्रीय विद्यापीठं कुठं गेली?" अयोध्यानं विचारलं. "त्याच्यासाठीच तर अभ्यास करून राहिली होतीस."

"ती मी डिसेंबरातच काढली मम्मी. पाच वर्षांचे सतरा-अठरा लाख होतात. सहा लाखांच्या वर कर्ज जातं ते कॉलेज यादीत घ्यायचंच नाही, असा नियम केलाय मी."

डिसेंबरात काढली हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

मुंबईला फी नावापुरती आहे, पण गुणवत्ता यादीतला तिचा नंबर बघता तिथं अवघड. दोन नंबरचं पुण्याचं कॉलेज मात्र मिळणारच, असं ती म्हणते. तिथं कर्ज साडेपाच लाख. मुलींच्या फीमाफीत आपण बसत नाही. दोघांचे पगार मिळून उत्पन्नाची मर्यादा ओलांडली जाते.

मी बेरजा दोनदा तपासल्या. चूक सापडली नाही. सापडली असती तर बरं वाटलं असतं, हेही लिहून ठेवतो.

"संगमेशच्या इंजिनिअरिंगचं कर्ज अजून डोक्यावर आहे," एवढंच मी म्हणालो. संगमेश आमचा थोरला.

"त्याचं कर्ज मंजूर झालं तेव्हा तुमीच बँकेत पेढे घेऊन गेला होतात," अयोध्या म्हणाली.

मुद्दा पेढ्यांचा नव्हता. मुद्दा असा की आता माझ्या नोकरीची अकरा वर्षं राहिली. पण शिवकन्या उठून भांडी आवरायला गेली होती, म्हणून मी तो मांडला नाही.

१४ जुलै, सोमवार

प्रवेशाची माहितीपुस्तिका झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली. एकशे बारा पानं. ऑफिसचा प्रिंटर रिकामा होता, पण तो सरकारी कागद. घरी आल्यावर लाल पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली. चोवीस वर्षांची सवय आहे. कोणताही कागद मी अर्धा वाचून खाली ठेवत नाही.

दुपारी आनंदराजजवळ विषय काढला. आम्ही दोघंही सहायक अधीक्षक, टेबलं शेजारी. त्याची धम्मप्रिया पुण्यालाच कायदा शिकली, आता संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात एका मोठ्या वकिलाकडं ज्युनिअर आहे. मी म्हणालो, "तुमचं बरं होतं आनंदराज, फी माफ होती."

तो हसला. "फी माफ व्हती साहेब. पोट माफ नव्हतं. हॉस्टेल, मेस, पुस्तकं... तरोड्याचा प्लॉट गेला त्यात."

"मला माहीत नव्हतं."

"तुमी कशाला फिकर करायलात पण? प्लॉट काय, पुन्हा घेता येतो. पोरगी अठराची एकदाच असती."

"तुमचं बरं होतं" हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघालं. सहज निघालं याचंच दिवसभर वाईट वाटत राहिलं. त्याला सॉरी म्हणायला हवं होतं. चहा पाजला.

१६ जुलै, बुधवार

उद्या पसंतीक्रम भरायची शेवटची तारीख. आणि उद्याच शिवकन्याला लातूरला जावं लागतंय. ज्युनिअर कॉलेजातून टी.सी. घ्यायची आहे, हॉस्टेलचं डिपॉझिट अडकलंय, आणि तिथला क्लार्क परवापासून रजेवर जातोय. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत.

लातूरचा विषय निघाला की घरात सगळेच जरा हळू बोलतात. दोन वर्षं तिला तिथं डॉक्टरकीच्या क्लासला ठेवलं, दोन लाखांच्या वर खर्च झाला. बारावीच्या दिवाळीत ती म्हणाली, मला डॉक्टर नाही व्हायचं. मी ओरडलो नव्हतो. "ठीक आहे" म्हणालो होतो आणि आठवडाभर दुसरं काही बोललो नव्हतो. माझ्या बहिणीनं मात्र तोंडावरच विचारलं, "लातूरला ठेवून वकील? वकील तर नांदेडात बी पिकतात."

"पप्पा, उद्या तुम्हीच भरा ना," शिवकन्या म्हणाली. "ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो. एसटीत रेंज जाते. कागदावरचा क्रम बघून टाकायचा आणि कन्फर्म करायचं."

तिनं यादीचा कागद माझ्या डायरीत ठेवला. आतलं तिनं वाचलं नसेल. ती तशी मुलगी नाही.

१७ जुलै, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरात कोणी नव्हतं. सकाळी जाताना तिनं माझ्यासाठी भाजी-भाकरी झाकून ठेवली होती. एकट्यानं जेवलो. चार खोल्यांच्या घरात एका ताटाचा आवाज फार होतो.

नंतर कॉम्प्युटर लावला. सात नावं निवडली. मग प्रत्येक नावासमोर क्रम टाकायचा होता.

नांदेडसमोर मी एक टाकला. बाकीची सहा तिच्या क्रमानं खाली सरकवली.

यात मी कोणतंही कॉलेज वगळलेलं नाही. सातही नावं आहेत. घराजवळचं सुरक्षित कॉलेज वर असलेलं बरं, एवढाच विचार होता. पुढं फेऱ्या आहेतच, वरचं-खालचं तेव्हा बघता येतं. नांदेडच्या कॉलेजातूनही चांगले वकील झालेत, मी त्यांना रोज बघतो. आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी मुलीच्या डोक्यावर साडेपाच लाख असणं हे कोणत्या बापाला चालेल?

ओटीपी आला. टाकला. कन्फर्म केलं.

ती साडेआठला आली. हात-पाय धुतले आणि माझ्यासमोर बसली.

"झालं का पप्पा?"

"झालं."

"क्रम?"

"टाकला."

ती थोडा वेळ मोबाइलकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पोर्टल बारापर्यंत चालू आहे. काही राहिलं असेल तर बदलता येतं. ओटीपी तुमच्याकडंच येतो."

"राहिलं काही नाही."

"बरं," म्हणाली. जेवली नाही. एसटीत मळमळलं असेल, लातूरचा रस्ता खराब आहे. दहा वाजता पुन्हा बाहेर आली, पाणी प्यायली, माझ्याकडं बघून उभी राहिली आणि आत गेली. दिवसभराच्या प्रवासानं पोरगी पार दमलेली दिसली.

२० जुलै, रविवार

एका निवृत्त मास्तरांकडून जुनं सागवानी टेबल मिळालं. दोन खण आणि वर पुस्तकांची फळी. हॉलमध्ये खिडकीशी लावलं. कायद्याची पुस्तकं जाड असतात, फळी मजबूत हवी म्हणून सुताराला बोलावून खाली दोन कोन ठोकून घेतले.

शिवकन्यानं विचारलं, "हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. अभ्यासाला."

"यादी लागायची आहे अजून."

"लागेल की. टेबल काय, कुठंही कामी येतं."

तिनं फळीवरून हात फिरवला, धूळ बोटांना लागली ती बघितली आणि आत गेली. तिला रंग आवडला नसावा.

२४ जुलै, गुरुवार

यादी लागली. नांदेड.

खाली लिहिलं होतं: उमेदवारास प्रथम पसंतीक्रमाची जागा मिळाल्याने ती आपोआप निश्चित करण्यात येत आहे. उमेदवार पुढील फेऱ्यांसाठी पात्र नाही.

मी ऑफिसात होतो. तिनंच फोन केला. आवाज अगदी साधा होता. "पप्पा, नांदेड लागलंय. एक नंबरवर दाखवतंय."

मी म्हणालो, "असं कसं? काहीतरी गडबड झाली असेल. सर्व्हरची वगैरे."

मग म्हणाली, "सर्व्हरची."

"होतं असं कधी कधी."

"हो," म्हणाली आणि फोन ठेवला.

हे मी जसं बोललो तसं लिहिलंय. कोर्टात मी रोजनामे लिहितो. त्या त्या प्रकरणात त्या दिवशी काय झालं, तेवढंच. वादी हजर, प्रतिवादीला मुदत. तिथं एक शब्द इकडचा तिकडं केलेला मला कधी चालला नाही.

एक नंबरची जागा मिळाली की पुढच्या फेऱ्या बंद, हा नियम मला माहीत नव्हता.

२५ जुलै, शुक्रवार

माहीत होता.

ती मैत्रिणीकडं गेली होती तेव्हा पुस्तिका काढली. नियम एवढा आत, एवढ्या बारीक अक्षरात आहे की कुणाचंही लक्ष जाणार नाही, हे मला बघायचं होतं. एकेचाळिसाव्या पानावर तो आहे. त्याच्याखाली लाल पेन्सिलची रेघ आहे. समासात एक छोटी फुली. महत्त्वाच्या मजकुरासमोर मी अशी फुली मारतो.

पेन्सिल माझी. फुली माझी. तारीख चौदा.

मग मी जे केलं ते लिहायला हात चालत नाही, पण लिहितो. टेबलाच्या खणातून खोडरबर काढलं. रेघ पुसली, फुली पुसली. मी पेन्सिल दाबून लिहितो. कागद तिरका धरला की रेघेची खाच दिसते. पुस्तिका कपाटावर टाकली. मग काढून पुन्हा होती तिथं ठेवली.

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, खोडरबर हातात घेऊन.

२७ जुलै, रविवार

अयोध्याला सगळं कालच कळलं. म्हणजे सर्व्हरची गडबड झाली एवढंच. ती शिक्षिका आहे, चूक दिसली की अर्ज करते. "गप बसायचं नाही. तक्रार करायला तीन दिवस हायेत. शिवा, तू मसुदा कर. बापाचं प्रतिज्ञापत्र जोडा. ह्यांनीच भरलाय फॉर्म, ह्यांनीच सांगावं काय झालं ते."

शिवकन्या म्हणाली, "राहू दे मम्मी."

"का राहू दे?"

"नांदेडच बरं आहे. कर्ज नाही होत."

अयोध्यानं आधी तिच्याकडं बघितलं, मग खिडकीशी लावलेल्या टेबलाकडं, मग माझ्याकडं. किनवटच्या आधीची धरून सोळा वर्षं ती पोरांच्या वह्या तपासतेय. कोणी कुणाचं बघून लिहिलं ते तिला पहिल्या ओळीत कळतं.

"मसुदा कर," ती पुन्हा म्हणाली.

संध्याकाळी शिवकन्यानं दोन पानं छापून आणली. मसुदा चांगला होता. मी वकिलांचे शेकडो बघतो, त्यातल्या निम्म्यांपेक्षा चांगला. परिच्छेद एकमध्ये माझं नाव-गाव. दोनमध्ये तिचा मूळ क्रम. तीनमध्ये प्रत्यक्षात नोंदला गेलेला क्रम. चौथा परिच्छेद असा होता:

"४. वरील क्रमात बदल होण्याचे कारण पुढीलप्रमाणे:"

आणि त्याखाली सहा ओळींची जागा कोरी.

"हे रिकामं का सोडलंस?" मी विचारलं.

"ते मला नाही लिहिता येणार. ते तुमचं आहे."

"तांत्रिक बिघाड लिहायचं ना?"

ती जमिनीकडं बघत बोलली. "पप्पा, कन्फर्म केलेल्या फॉर्मची प्रत माझ्या ईमेलवर येते. लातूरहून येताना अहमदपूरला रेंज आली, तेव्हाच आली होती."

मला आधी काही समजलंच नाही. मग सतरा तारखेची रात्र समजली. पोर्टल बारापर्यंत चालू आहे. दहा वाजता पाणी प्यायला आलेली, माझ्यासमोर उभी राहिलेली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं तुम्ही सांगाल. बारापर्यंत वाटत होतं." मग म्हणाली, "आणि लातूरचे दोन लाख माझ्यामुळंच गेले होते. कुठल्या तोंडानं भांडू?"

अयोध्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ओरडायला हवं होतं.

२८ जुलै, सोमवार

लोक प्रतिज्ञापत्र घेऊन रोज माझ्या टेबलाशी येतात. शपथ देण्याआधी मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो. वाचलं का? समजलं का? खरं आहे का? घाईत असतात, मान हलवतात. मी म्हणतो, तोंडानं सांगा.

स्वतःला शपथ देता येत नाही. आनंदराजच्या टेबलाशी गेलो. शिवकन्या सोबत होती. चौथा परिच्छेद मी सकाळीच हातानं भरला होता: "दि. १७ जुलै रोजी मुलगी घरी नसताना मी तिला न विचारता तिच्या लेखी क्रमात बदल केला. कर्जाच्या भीतीने केला. तांत्रिक बिघाड झालेला नाही."

आनंदराजनं वाचलं. एकदा माझ्याकडं बघितलं. "साहेब, विचारावं लागतंय मला."

"विचारा."

"वाचलं का?"

"वाचलं."

"समजलं का?"

"समजलं."

"खरं हाय का?"

"थांबा," मी म्हणालो. कागद परत घेतला आणि दोन ओळींच्या मध्ये लिहिलं: "नियम मी आधी वाचलेला होता." मध्ये घातलेल्या मजकुरावर वेगळी सही लागते, नाहीतर तो धरत नाहीत. ती केली. त्या पानावर तेवढ्या एका वाक्याला स्वतःची सही आहे.

"आता खरं आहे," मी म्हणालो.

आनंदराजनं शिक्का मारला. पोरीला म्हणाला, "बस बाळा, चहा सांगतो." ती बसली. माझ्या टेबलाशी नाही, त्याच्या.

कारण म्हणून मी कर्जाची भीती लिहिली. ती खरी आहे. तेवढंच कारण होतं का, हे कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर मी बराच वेळ हॉलमध्ये त्या टेबलाशी बसून होतो.

४ ऑगस्ट, सोमवार

उत्तर आलं. लॉगिन व ओटीपी इतर व्यक्तीस वापरू दिल्याची जबाबदारी सर्वस्वी उमेदवाराची राहील. तक्रार अमान्य.

म्हणजे चूक तिचीच ठरली. बापाला ओटीपी वापरू दिला ही.

शिवकन्यानं पत्र वाचून घडी घातली. "नियमाप्रमाणे बरोबर आहे," म्हणाली.

आता एकच वाट उरलीय. सगळ्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा कॉलेजं स्वतः भरतात. पण त्यासाठी नांदेडचा प्रवेश आधी रद्द करायचा. पुण्यात जागा निघाली नाही तर दोन्ही हातचं जाईल. मायलेकी संध्याकाळभर आतल्या खोलीत बोलत होत्या. दार लोटलेलं होतं. मला कुणी बोलावलं नाही, आणि दार वाजवण्याचा हक्क मला वाटला नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अयोध्यानं आठ दिवसांची रजा टाकली. नोकरीला लागल्यापासून तिनं सलग एवढी रजा काढलेली मला आठवत नाही. नांदेडचा प्रवेश रद्द करून दोघी रविवारी पुण्याला गेल्या. निघताना शिवकन्या पाया पडली, नेहमीसारखी. मी डोक्यावर हात ठेवला. काय आशीर्वाद द्यावा ते सुचलं नाही.

दुपारी अयोध्याचा फोन आला. "मिळालं. तीन नंबरचं. दोन नंबरचं भरून गेलतं."

"कर्ज?"

"पाच लाख नव्वद. तिच्या नियमात बसलं बगा." मग म्हणाली, "बँकेचे कागद केलेत. सहकर्जदार म्हणून मीच सही केली. तुमाला इतक्या लांब यायला नको."

नांदेडच्याच बँकेत, माझ्या ऑफिससमोरच्या शाखेत हे झालं असतं. संगमेशचं तिथंच झालं होतं. मी "बरं" म्हणालो.

दोन नंबर आणि तीन नंबर यांच्यात चाळीस हजारांचा फरक आहे. कॉलेजातला फरक किती, ते मला कळत नाही. तिला कळतो. तिनं त्यासाठीच एकाला दोन आणि दुसऱ्याला तीन म्हटलं होतं.

चार वाजता शिवकन्याचा फोन आला. मागं लोकांची गडबड होती.

"पप्पा, एक ओटीपी आला असेल. सांगता का?"

मेसेज उघडला. सहा आकडे, आणि खाली एक ओळ: उमेदवाराचा नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी.

मी आकडे वाचले. मागच्या गोंगाटात तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा वाचले, एकेक, सावकाश, कोर्टात साक्षीदाराला वाचून दाखवतात तसे. कशासाठी हे विचारलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "थँक्यू पप्पा."

"जेवलीस का?"

"जेवते आता."

ऑफिस सुटल्यावर घरी आलो. फोन त्या टेबलावर ठेवला. गेला दीड महिना त्यावर दिवसातून तीन-चारदा मेसेज येत होते: अर्ज मिळाला, कागद तपासले, फेरी सुरू, फेरी बंद. आज चारनंतर एकही आला नाही.